कामावरचा अपघात आणि भरपाईचा वकील: आधी काय, मग काय

अपघात झाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो, "ओळखीचा वकील कोण आहे?" हा प्रश्न खरे तर पाचव्या क्रमांकाचा आहे. दावा कोणत्या कार्यालयात जाणार, मुदत कधी संपते, हातात कागद कोणते आहेत आणि साधारण किती रक्कम मिळायला हवी, एवढे आधी कळलेले नसेल तर समोरचा वकील या कामाचा आहे की नाही हे ओळखताच येत नाही. मग जमिनीच्या वाटण्या चालवणारे वकीलसाहेब भरपाईचा दावा घेतात, तो भलत्याच ठिकाणी दाखल होतो, आणि दीड वर्षाने कळते की इथे तो चालतच नाही.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी आहे. कायद्याबद्दल एकच गोष्ट आधी सांगायला हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा तिच्यात विलीन झाला. त्या तारखेआधी झालेल्या अपघातातले हक्क जुन्या कायद्याप्रमाणे पाहिले जातात. सांगाडा दोन्हीकडे सारखाच आहे: मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, वय आणि पगारावरून रक्कम ठरते, दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. संहितेत 'आयुक्त' (भरपाईचे दावे ऐकून निकाल देणारा अधिकारी) या शब्दाच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' आला आहे. खाली सोयीसाठी आयुक्त असेच म्हटले आहे.

## टप्पा १: दावा कोणत्या दाराने जाणार ते ठरवा

दारे तीन आहेत. चुकीचे दार ठोठावले तर चांगला वकीलही फारसे काही करू शकत नाही.

पहिले दार, ईएसआय. कामगार राज्य कामगार विमा योजनेत बसत असेल तर आयुक्तांकडे वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, अपंग कामगारासाठी २५,०००. पगारपत्रकात ०.७५ टक्के कपात दिसते का ते पाहा. दिसत असेल तर आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते आणि वाद झाला तर तो कर्मचारी विमा न्यायालयात जातो. तिथे रोज उभा राहणारा वकील वेगळा असतो.

मालकाने नावच नोंदवले नव्हते म्हणून ईएसआय मिळणार नाही, असे कुणी सांगितले तर लगेच मान हलवू नका. आस्थापनेला योजना लागू असेल आणि कामगार पात्र असेल तर नोंदणी न करणे ही मालकाची कसूर आहे, तिच्यामुळे कामगाराचा हक्क बुडत नाही. नेमके हेच तपासायला वकील लागतो.

दुसरे दार, मोटार अपघात न्यायाधिकरण. ट्रकचालक, क्लीनर, डिलिव्हरीवर असलेला कामगार यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे दोनपैकी एकच रस्ता निवडता येतो: न्यायाधिकरण किंवा आयुक्त. दोन्हीकडे दावा करता येत नाही. न्यायाधिकरणात पगाराला तशी कमाल मर्यादा नाही, त्यामुळे रक्कम मोठी होऊ शकते, पण समोरच्या वाहनाची चूक दाखवावी लागते. चालकाचीच चूक असेल, गाडी एकटीच उलटली असेल, तर आयुक्तांचा रस्ता बहुधा जास्त भक्कम. ही निवड एकदाच होते, म्हणून ती घाईने करू नका.

तिसरे दार, आयुक्त. वरच्या दोन्हींत न बसणारे बाकीचे सगळे इथे येतात. काही जिल्ह्यांत कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहतात, काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश. ठेकेदाराकडे कामाला असलेल्यांनी लक्षात ठेवा, ज्याच्या आवारात आणि ज्याच्या धंद्याचे काम चालू होते त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. पुढे त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला हिशोब.

घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही आता सरसकट बाद होत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले की वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर तो नोकरीतलाच अपघात धरावा. संहितेत ही तरतूद थेट शब्दांतच आहे.

तपासा: अपघाताची तारीख, पगारातली ईएसआय कपात आणि अपघातात वाहन होते का, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक वकिलाला आधी एवढेच सांगायचे आहे.

## टप्पा २: मुदत लिहून ठेवा, मालकाला लेखी कळवा

आयुक्तांकडच्या दाव्याला अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण तो वेगळा अर्ज, वेगळा युक्तिवाद आणि वेगळी धाकधूक. सर्वाधिक दावे एकाच वाक्यापायी लांबतात: "मालक देतो म्हणालेत." देणार असतील तर दावा दाखल झाल्यावरही देता येते.

नोटीस साध्या मराठीत चालते. कामगाराचे नाव, कामाचे ठिकाण, अपघाताची तारीख व वेळ, कशामुळे झाला, कोणती इजा झाली आणि 'नुकसानभरपाई मिळावी' ही मागणी, इतके पुरेसे आहे. ती स्पीड पोस्टाने पाठवा, पावती व पोच जपा. रक्कम या पत्रात लिहू नका, घाईत लिहिलेला आकडा पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवला जातो.

सावधान: मृत्यूच्या प्रकरणात मालकाने घरी येऊन दिलेली रोख रक्कम आणि स्टॅम्प पेपरवर घेतलेली सही म्हणजे कायद्याने भरपाई दिली असे होत नाही. ती रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते. 'यापुढे काही मागणार नाही' असे लिहून घेतले तरी हक्क सोडण्याचा तसा करार कायदा मानत नाही. तरीही सही करू नका, कारण ती सही कशी झाली हे सांगण्यात तारखांमागून तारखा जातात.

## टप्पा ३: कागद जमवा, वकिलाआधी

फाइल घेऊन गेलेल्या माणसाला वकील वेगळे उत्तर देतो आणि रिकाम्या हाताने गेलेल्याला वेगळे. पाच गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नोकरी होती, अपघात कामामुळे झाला, इजा किती, पगार किती, वय किती. प्रत्येक गोष्टीसाठी निदान एक कागद हवा.

नोकरीसाठी ओळखपत्र, गेट पास, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, हजेरीपटाचा फोटो. रोखीने पगार मिळत असेल तर मुकादमाचे 'उद्या सात वाजता या' असे मोबाइलवरचे संदेशही कामी येतात. ते पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे व नंबर पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या. सहा महिन्यांनी ते दुसऱ्या साइटवर गेलेले असतात, किंवा त्याच मालकाकडे असतात आणि बोलत नाहीत.

पगाराचा काहीच पुरावा नसेल तर त्या कामासाठी लागू असलेला किमान वेतनदर हा आधार असतो. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला सर्वांत बरा. आधार कार्डावर नुसते १ जानेवारी अशी तारीख असेल तर दुसरा पुरावा जोडा, कारण एका वर्षाच्या फरकाने गुणक, म्हणजे वयावरून ठरणारा हिशोबाचा आकडा, बदलतो.

आता सर्वांत वादाचा कागद. रुग्णालयाच्या केसपेपरवर, दाखल झाल्याच्या वेळेच्या खाली, डॉक्टर एक ओळ लिहितात: इजा कशी झाली. रुग्ण अर्धवट शुद्धीत असतो आणि माहिती देतो तो त्याला घेऊन आलेला सुपरवायझर. तिथे 'घरी जिन्यावरून पडून' असे लिहिले गेले की पोलिसांना कळवण्याची वेळ टळते, आणि पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत हीच ओळ वाचून दाखवतो. ही ओळ पहिल्या दोन-तीन दिवसांत वाचा. चुकीची असेल तर स्वतः खाडाखोड करू नका. रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, माहिती कुणी दिली आणि खरे काय घडले ते लिहा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. त्याच दिवसात पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्या.

मृत्यू झाला असेल तर आकस्मिक मृत्यूची नोंद, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती लागतात. कारखान्यातला अपघात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे गेलेल्या अहवालाची प्रत मागा. कामावरच अपघात झाला, हे खुद्द कारखान्याने तिथे कळवलेले असते.

उपचारांची बिले एका पाकिटात तारखेनुसार लावा. नोकरीत झालेल्या इजेवरच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, भरपाईच्या वर. दाव्यात ही मागणी विसरणारे वकील कमी नाहीत.

तपासा: मूळ कागद तुमच्याकडे, दोन छायाप्रतींचे संच तयार, आणि एका पानावर तारखांची यादी. मूळ कागद वकिलाकडेही फक्त पोच घेऊनच द्यायचे.

## टप्पा ४: रक्कम स्वतः काढून बघा

हिशोब अवघड नाही. मृत्यू असेल तर मासिक पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्के गुणिले गुणक. गुणकाचा तक्ता कायद्याच्या परिशिष्टात असतो: वय ३० ला २०७.९८, वय ४० ला १८४.१७. हिशोबात धरायच्या पगाराला मर्यादा असते. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये करण्यात आली, त्याआधी ती ८,००० होती. मर्यादा अपघाताच्या तारखेची लागते.

एक उदाहरण. २०२३ मधला अपघात, वय ३०, पगार १८,०००. धरायचा पगार १५,०००. मृत्यू असता तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असेल तर त्याचे ३० टक्के, ५,६१,५४६.

'कमाईची क्षमता' हे शब्द नीट धरा. रुग्णालयाच्या दाखल्यावर असतो तो शरीराच्या अपंगत्वाचा टक्का. भरपाई मिळते ती कमाईची क्षमता किती गेली त्यावर. काही इजांचे आकडे परिशिष्टातच ठरलेले आहेत: अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०, अंगठ्यासह हाताची चारही बोटे गेली तर ६०. परिशिष्टात नसलेल्या इजेत नोंदणीकृत डॉक्टरने क्षमता किती घटली ते सांगावे लागते, आणि कामगार कोणते काम करत होता ते पाहावे लागते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. अवजड वाहनाच्या चालकाचे पाऊल कायमचे निकामी झाले तर हाच विचार लागतो.

व्याज वेगळे. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर साध्या दराने १२ टक्के. वरच्या ५,६१,५४६ वर वर्षाला ६७ हजारांहून जास्त होतात. उशिराला पटण्याजोगे कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

## टप्पा ५: वकील कुठे शोधायचा

आधी गाव ठरवा. दावा अपघात झाला त्या भागात करता येतो, तसाच दावेदार जिथे राहतो तिथेही करता येतो. भिवंडीत अपघात झाला म्हणून नांदेडच्या विधवेने दर तारखेला ठाण्याला जायचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यातला वकील नेमला तर प्रवासखर्च वाचतो आणि, खरे सांगायचे तर, त्याच्यावर लक्षही राहते.

कामगार न्यायालयात किंवा आयुक्तांच्या न्यायालयात एक पूर्ण सकाळ बसा. बोर्डावर भरपाईची प्रकरणे कोणत्या दिवशी असतात ते शिपायाला किंवा बेंच क्लार्कला विचारा. कोण स्वतः उलटतपास घेतो आणि कोण नुसती पुढची तारीख मागतो, हे तीन तासांत दिसते. याहून चांगली चौकशी नाही. नोंदणीकृत कामगार संघटनेकडेही नावे मिळतात. संघटनेचा पदाधिकारी लेखी अधिकारपत्रावर कामगाराच्या वतीने हजरही राहू शकतो.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००. मोफत वकील म्हणजे कच्चा वकील, हा समज सोडा. पुढच्या टप्प्यातले प्रश्न मात्र त्यालाही विचारा.

सावधान: रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा शवागाराबाहेर 'साहेब केस घेतील, तुम्हाला एक रुपया खर्च नाही' म्हणत आलेला माणूस दलाल असतो. वकिलांना असे गिऱ्हाईक शोधण्याची मनाई आहे. जो पहिल्याच दिवशी हा नियम मोडतो तो पैसे हातात आल्यावर कसा वागेल याचा अंदाज करा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर किंवा चेकवर सही देऊ नका.

## टप्पा ६: पहिली भेट

दोन किंवा तीन वकिलांना भेटा. सनद क्रमांक विचारायला लाजू नका, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तो पडताळता येतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधता येतात.

मग हे प्रश्न. उत्तर काय यायला हवे तेही सोबत.

*"माझा दावा कुठे चालेल?"* ईएसआय आणि वाहनाबद्दल उलट विचारपूस न करता थेट 'होऊन जाईल' म्हणणारा वकील बाद.

*"कुणाकुणाला पक्षकार कराल?"* मालक, ठेकेदार असेल तर मूळ मालकही, आणि पॉलिसी असेल तर विमा कंपनी. फक्त विमा कंपनीवर भिस्त ठेवणारा वकील दंडाची मागणी गमावतो, कारण दंड सर्वसाधारणपणे मालकाच्याच खिशातून जातो.

*"दंडासाठी काय करणार?"* मालकाला कारणे दाखवा नोटीस मिळायला हवी, हे त्याने सांगायला हवे. ती न देता लावलेला दंड उच्च न्यायालयात टिकत नाही.

*"डॉक्टरची साक्ष होणार का?"* 'दाखला जोडला की पुरे' हे उत्तर धोक्याचे. दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणावे लागते, आणि काय कामासाठी क्षमता किती गेली हे त्याच्या तोंडून यावे लागते. दाव्यातली अर्धी रक्कम या एका साक्षीवर हलते.

*"तारखेला तुम्ही स्वतः असाल की ज्युनिअर?"* ज्युनिअर असणे गैर नाही. उलटतपास आणि अंतिम युक्तिवाद कोण करणार तेवढे नावासकट विचारा.

*"या मालकाचे किंवा याच विमा कंपनीचे काम तुम्ही करता का?"* विमा कंपन्यांच्या पॅनेलवरचे वकील हा विषय उत्तम जाणतात. पण तीच कंपनी समोर असेल तर दुसरा बघा.

मृत्यूच्या प्रकरणात आणखी एक. पत्नी आणि सासू-सासरे यांच्यात वाटणीवरून कुरबुर असेल तर दोघांचा मिळून एकच वकील नको. रक्कम कुणाला किती हे आयुक्त ठरवतात आणि तिथे हितसंबंध समोरासमोर येतात.

तपासा: तुम्ही टप्पा ४ मध्ये काढलेला आकडा आधी दाखवू नका. वकिलाला काढायला सांगा. दोन आकडे जुळत नसतील तर का, ते समजून घ्या. 'पन्नास लाख मिळवून देतो' म्हणणाऱ्याला गुणकाचा तक्ता दाखवायला सांगा.

## टप्पा ७: फी

इंटरनेटवर परदेशातले लेख वाचून अनेकांना वाटते की भरपाईच्या वकिलाला जिंकल्यावर टक्के द्यायचे असतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे वकिलाला मना आहे. भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, तिच्यावर बोजाही चढवता येत नाही. तरी 'वीस टक्के' किंवा 'तीस टक्के' हे सर्रास चालते. हे मान्य करू नका. जिथे व्यवहारच नियमाबाहेरचा असतो तिथे पावती नसते, आणि भांडण झाले तर दाखवायला काही नसते.

ठराविक रक्कम ठरवा आणि ती टप्प्यांत द्या: दावा दाखल झाल्यावर, पुरावा सुरू झाल्यावर, युक्तिवाद झाल्यावर. शेवटचा हप्ताही निकाल काय लागतो यावर ठेवू नका. टंकलेखन, नकला, समन्स, डॉक्टरचा साक्षीभत्ता हे खर्च फीत धरले आहेत की वेगळे, ते लिहून घ्या. उच्च न्यायालयातले अपील ही नेहमी वेगळी फी असते. एका पानाचे साधे पत्र पुरते, दोघांच्या सह्या हव्यात. पैसे बँकेतून द्या, प्रत्येक वेळी पावती घ्या.

## टप्पा ८: वकीलपत्र वाचून सही करा

छापील वकीलपत्रात बारीक अक्षरांत बरेच अधिकार दिलेले असतात. दोन ओळी शोधा: 'तडजोड करणे' आणि 'रक्कम स्वीकारणे'. या खोडून बाजूला सही करा, किंवा 'पक्षकाराच्या लेखी संमतीनेच' असे शब्द घाला. चांगला वकील याला हरकत घेत नाही. जो चिडतो त्याच्याबद्दल वेगळे काही सांगायची गरज नाही.

सही केलेल्या वकीलपत्राचा फोटो लगेच काढा.

## टप्पा ९: दावा सुरू असताना

दाखल झालेल्या अर्जाची प्रत आणि क्रमांक आठवड्याभरात मागा. प्रत वाचा: वय, पगार, अपघाताची वेळ, इजा, व्याज, दंड, उपचाराचा खर्च. यातली चूक समोरच्याची कैफियत (लेखी उत्तर) येण्याआधी दुरुस्त करणे सोपे असते. प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिले गेले ते पाहा. 'अर्जदार गैरहजर' असे सलग दोनदा दिसले तर त्याच दिवशी वकिलाला गाठा, तिसऱ्या खेपेला अर्ज निकाली निघू शकतो.

तडजोडीचा प्रस्ताव आला तर आकडा टप्पा ४ च्या हिशोबाशी, व्याजासकट, ताडून पाहा. इजेच्या प्रकरणातली तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. न नोंदवलेला करार मालकाला पूर्ण भरपाईच्या जबाबदारीतून सोडवत नाही. बाहेरच्या बाहेर मिटवायला सांगणाऱ्या वकिलाला हे माहीत असतेच.

## टप्पा १०: पैसे जमा झाल्यावर, आणि वकील बदलायचा असल्यास

रक्कम आयुक्तांकडे जमा होते. ती मिळण्यासाठी अर्ज, ओळखपत्र आणि दावेदाराच्या स्वतःच्या खात्याचे पासबुक लागते. लहान मुलांचा हिस्सा बहुतेकदा मुदत ठेवीत जातो. पैसे थेट तुमच्या खात्यात जमा व्हावेत असा अर्ज करा. वकिलाच्या खात्यातून यायचे काही कारण नाही. मालक किंवा विमा कंपनी पैसे भरत नसेल तर वसुलीचा दाखला मागून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो आपोआप होत नाही, आणि निकाल लागल्यावर फाइल बंद करून ठेवणाऱ्या वकिलाकडून इथेच वेळ जातो. समोरच्यांनी अपील केले तरी मालकाला आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. अपिलाची मुदत ६० दिवस, आणि ते कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच चालते.

वकील मध्येच बदलायचा असेल तर आधी जुन्याला लेखी कळवा, राहिलेल्या फीचा हिशोब मागा आणि 'हरकत नाही' अशी लेखी संमती घ्या. नवा वकील या संमतीशिवाय वकीलपत्र दाखल करायला कचरतो. जुना ती देत नसेल तर आयुक्तांकडे परवानगीचा अर्ज करता येतो. फी बाकी आहे म्हणून तुमची फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. फाइल मागणारे पत्रही स्पीड पोस्टानेच पाठवा. आणि पुढची तारीख कधी आहे ते वकील बदलण्याआधी बघून घ्या: साक्षीची तारीख चार दिवसांवर असेल तर ती आधी होऊ द्या.